कितवी गं तू?

या सैगॉन शहरात माझा हात धरून रस्ता ओलांडलेला एकही पाहुणा आजवर दगावलेला नाही. अख्ख्या कोपऱ्याला विचारा. एका गोऱ्याचा पाय मोडला, ते खरं आहे. पण तो रस्ता ओलांडून झाल्यावर, इकडच्या फुटपाथावर, आणि ज्या केळीच्या सालावरून तो घसरला ते मीच टाकलं होतं. त्यामुळं ते रस्त्याच्या खाती धरायचं नाही.

बसा. हे लाल स्टूल घ्या. ते निळं नको, कडेचं. साऊबाई आठवडाभर त्याच्यावर कुणाला टेकू देत नाही. का, ते तिला विचारा, माझ्याशी ती बोलत नाही. मीच काहीतरी केलं असणार, पण नेमकं काय ते लक्षात नाही, कारण रोजच काही ना काही करतो. तिनं ही कॉफीची टपरी टाकली तेव्हापासून मी तिच्या साखरेत मीठ मिसळत आलोय. तिच्या कोंबड्याला हेल्मेट घातलं. ती धडधाकट असताना तिच्याच भावाकडं तिच्या नावानं उदबत्त्या पाठवल्या. एकदाही हसली नाही. साऊबाईला गंमत समजत नाही आणि करताही येत नाही. जे आहे ते सांगते आणि गप्प बसते. असं माणूस शेजारी असलं की माझ्यासारख्याचा दिवस कसा मजेत जातो.

तो फोन आधी आत ठेवा. आणि पिशवी रस्त्याच्या बाजूला नाही लटकवायची, भिंतीच्या बाजूला घ्यायची. फटफटीवरून दोघं येतात. पुढचा चालवतो आणि मागचा तुमच्या पिशवीचा पट्टा असा उचलतो, जसा दोरीवरचा वाळलेला सदरा. ओढाताण करायची नाही. सोडून द्यायची. पट्ट्याबरोबर फरफटत गेलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यावर मीसुद्धा हसलो नाही.

कॉफी गळायला वेळ आहे. थेंब थेंब पडू दे. साऊबाईनं दिवा लावलाय, पलीकडं लोकांनी फुटपाथावर पानं मांडायला घेतलीत, हा सातवा महिना आहे ना, भुकेल्या भुतांचा. पातळ पेज, ऊस, रताळी, मुरमुरे. उदबत्ती विझत आली की पोरं झडप घालतील आणि मग मीठ-तांदूळ रस्त्यावर फेकतील. तांदूळ डोक्यावर पडले तर झटकू नका, तसेच राहू द्या. नाही, ही गंमत नाही. माझं हेच वांधं आहे बघा. मी खरं बोललो की माणसं हसतात.

माझं नाव ताम. ताम म्हणजे आठ. म्हणजे मी आईचा सातवा. आमच्या दक्षिणेत मोजणी दोनपासून सुरू होते. थोरल्याला दोन म्हणायचं, त्याच्या पाठच्याला तीन. साऊ म्हणजे सहा, ती तिच्या घरची पाचवी. एक मात्र कुणीच नाही. घरोघर हिंडा, दोन सापडेल, दहा सापडेल, एक सापडायचा नाही. कुणी म्हणतं जुन्या राजाचा मान म्हणून. माझी आई म्हणायची, भुतांचा डोळा थोरल्यावर असतो. दारात येऊन म्हणाले की तुमचं पहिलं पोर द्या, तर खुशाल सांगायचं, आमच्यात पहिलं नाहीच, आमचं दोनपासून आहे. जातात परत. भुतं कचेरीतल्या साहेबांसारखी असतात, नावात बसलं नाही की दुसऱ्या दाराकडं वळतात.

म्हणून इथं नवा माणूस भेटला की नावाआधी विचारतात, कितवा? आकडा कळला की हाक मारायला बरं.

आता तो रस्ता बघा. मधोमध दुभाजक आहे, त्याच्यावर ते एकच मोठं झाड. बुंध्याशी उदबत्त्यांची वाटी दिसते? तिथं फार वर्षांपूर्वी, दुभाजक नव्हता, नुसता मातीचा उंचवटा होता, तेव्हा एक बाई बसायची. उत्तरेकडून आलेली. आल्याच्या पाकात तांदळाचे गोळे शिजवून विकायची. तिची एक पोर होती आणि उत्तरेकडच्या रीतीनं ती पोरीला हाक मारायची, थोरले, ए थोरले. दिवसभर, भर रस्त्यात. बायकांनी सांगून पाहिलं, बाई गं, इथं असं बोलू नये, दोन म्हण की. ती म्हणायची, माझी पहिली ती पहिली, दोन कशाला म्हणू? एका संध्याकाळी तिनं पोरीला साखर आणायला इकडं पाठवलं. पोर निघाली. इकडं पोचलीच नाही. गाडीखाली गेली म्हणावं तर गाडी नाही, रक्त नाही, चप्पल नाही. तिकडून निघालेली सगळ्यांनी पाहिली, इकडं आलेली कुणी नाही. बाईनं मग जाणाऱ्या-येणाऱ्याला तू कितवी, तू कितवा म्हणून विचारायचा सपाटा लावला, आणि विचारता विचारताच एक दिवस गेली.

ही गोष्ट मी पाहुण्यांना नाना तऱ्हांनी सांगितली आहे. एका तऱ्हेत बाईला दात होते. ते माझं. बाकीचं खरं.

आणि एवढं मात्र आहे, की तिन्हीसांजेला त्या झाडापाशी थांबलात तर मागून कुणीतरी विचारतं, कितवा? कधी विचारतं, कधी नाही. आम्ही आपला आकडा सांगतो आणि पुढं होतो. आठवा. सहावी. दहावा. वळून कुणी बघत नाही, घाबरत तर मुळीच नाही. त्यात काय घाबरायचं? एक कुणाचाच नाही.

म्हणून पाहुण्याला मी सगळे नियम सांगून झाल्यावर शेवटी सांगतो, मध्ये कुणी कितवे म्हणून विचारलं तर आठवा म्हणायचं. माझा आकडा खुशाल वापरा, मला पुरून उरलाय. लोक हसतात. फोटो काढतात.

तर आठवड्यापूर्वी, ऊन चढायच्या आधी, गुरुजी आले.

खिएम गुरुजी. हनोईच्याही पलीकडचे, सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. बरोबर मुलगी लुआ. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं त्या माणसाला जगात ती एकच, आणि तिला तो. लुआला नोकरी लागली, तिनं पहिल्या पगारातून बापाला दक्षिण दाखवायला आणलं. बापानं काय करावं? छातीवर पिशवी, पिशवीवर पट्टा, पट्ट्यावर दुसरा पट्टा, सदऱ्याला वरपर्यंत गुंड्या, आणि मोज्यात लपवलेलं काहीतरी, त्यामुळं लंगडत चालायचा. सैगॉनला चोर असतात एवढंच कुणीतरी सांगितलेलं. मुलीचा दंड त्यानं असा धरलेला, जणू कुणी त्या पिशवीआधी तिलाच पळवणार आहे.

दोघं इथं कडेला उभे राहिले आणि रस्त्याकडं बघत बसले. नवे सगळेच असे बसतात. फटफट्यांचा लोंढा बघतात, तो थांबायची वाट बघतात. तो थांबत नसतो. माझा धंदाच त्याच्यावर. तसा धंदा कसला, सायकलरिक्षा ओढायचं वय गेलं तेव्हापासून मी लोकांना हात धरून पलीकडं नेतो आणि बदल्यात त्यांची थोडी फजिती करतो.

म्हटलं, गुरुजी, पाय टाकला की टाकला. थांबायचं नाही, पळायचं नाही, मागं तर फिरायचंच नाही. पाणी दगडाला वळसा घालतं तशा फटफट्या तुम्हाला वळसा घालतात, पण दगडच उड्या मारायला लागला तर पाण्यानं काय करायचं? त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. पटलं म्हटल्यावर मला राहवेना. म्हटलं, आणि पायातले बूट काढून डोक्यावर धरायचे. अनवाणी माणूस म्हणजे देवदर्शनाला निघालेला, त्याला धडक देत नाही कुणी.

काढले हो बूट. धरले डोक्यावर. दोन्ही हातांत एकेक, पिशवी छातीवर, आणि ते गुरुजी सगळा रस्ता तसे ओलांडून गेले. मी त्यांच्या शेजारी गंभीर चेहऱ्यानं. सिग्नलवरचा हवालदार शिटी फुंकायची विसरला. इकडच्या भाजीवाल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. लुआ तर हसून हसून पलीकडच्या फुटपाथावर बसलीच. तेव्हा गुरुजींच्या ध्यानात आलं.

बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि मला फक्त म्हणाले की तुमच्यासारख्या मुलाला मी वर्गाबाहेर उभा करत असे. मी म्हटलं, गुरुजी, मी तसाच उभा राहिलो, म्हणून तर शिकलो नाही.

मग जाता जाता मी शेवटचं सांगितलं. संध्याकाळी परत येताना मध्ये कुणी कितवी म्हणून विचारलं तर थोरली म्हणू नका, आठवी म्हणा. गुरुजींनी मान फिरवली. लुआ म्हणाली, “आजोबा, आता चपला कुठं धरायच्या, ते सांगा.”

बघा. खरं होतं ते एवढंच.

संध्याकाळी ते दोघं पलीकडं दिसले. देऊळ बघून, बाजार फिरून आलेले. त्यांची खोली इकडं, ह्या गल्लीत. दिवे लागले होते पण उजेड अजून पुरता गेला नव्हता, ती वेळ, जेव्हा माणसाचं तोंड दिसतं आणि ओळख पटत नाही. फुटपाथभर पानं मांडलेली, उदबत्त्यांचा धूर खाली बसलेला, आणि त्या धुरातून फटफट्यांचे दिवे नुसते वाहत होते. मी इथं, ह्याच जागी होतो. गुरुजी माझ्याशिवाय ओलांडायला बघत होते. पाय टाकायचे, मागं घ्यायचे. परत टाकायचे. हे सगळ्यात वाईट. म्हटलं, जाऊ दे, आणू या. नाहीतर माझं रेकॉर्ड बिघडायचं.

गेलो पलीकडं. लुआचा हात मी धरला. गुरुजी माझा हात धरायला तयार नव्हते. दोन्ही हातांनी पिशवी कवटाळून तिच्या दुसऱ्या अंगाला चालले, तिनं त्यांची बाही पकडली. निघालो. सावकाश, एका चालीनं. फटफट्या दोन्हीकडून सुटत होत्या, कुणाच्या मागं फुलांची टोपली, कुणाच्या पुढं झोपलेलं पोर. झाडापर्यंत आलो आणि इकडची बाजू इतकी दाटली, की थांबावं लागलं.

झाडाखाली थांबलो. आणि मला वास आला.

आधी वाटलं, कुणाच्या तरी पानावर असेल. आल्याचा वास, आणि गूळ उकळतो तसा. पण तो फुटपाथावरून येत नव्हता. तो मागून येत होता, मानेवर, गरम. जसं कुणी आपल्याच पाठीशी पातेल्यावरचं झाकण उचलावं. मग हॉर्न ऐकू येईनासे झाले. बंद झाले नाहीत... दूर गेले. फटफट्या तशाच धावत होत्या, समोर, हात लांबवला तर लागतील अशा, पण आवाज कसा... ओल्या गोधडीखालून यावा तसा. उदबत्तीची राख पडलेली ऐकू येईल एवढं शांत.

आणि मागून, अगदी मायेनं, कुणीतरी विचारलं,

“बाळा... कितवी गं तू?”

गुरुजींच्याच बोलीत. उत्तरेच्या.

मी सवयीनं म्हणालो, आठवा. म्हणालो आणि लुआचा हात दाबला. दाबला म्हणजे चांगला दाबला. पण गुरुजींना वाटलं, मीच आवाज काढतोय. म्हणाले, पुरे आता तुमची नाटकं. आणि लुआ... ती चांगल्या घरची पोर. वडीलधाऱ्या माणसानं विचारलं तर पाठमोरं राहून उत्तर द्यायचं नाही, असं तिच्या बापानंच शिकवलेलं. ती वळली. पूर्ण वळली. हसून म्हणाली,

“मी थोरली, आजी.”

माझ्या हातातून तिचा हात गेला. कुणी ओढला नाही. हिसका नाही, काही नाही. साबणाची वडी जाते तसा गेला. मी मूठ मिटली तर तळव्याला चिकट लागलं.

वळायचं नाही, हे मला माहीत आहे. मी वळलो नाही. मी तोंड समोर ठेवूनच बाजूला बघितलं, आणि ती दिसली. दुभाजकावरून उतरली होती. ओलांडत नव्हती, लांबून लांब चालली होती, रस्त्याच्या मधून, जिकडं जायला वाटच नाही तिकडं. उजवा हात थोडा वर उचललेला. लहान पोर मोठ्या माणसाचं बोट धरून चालतं ना, तसा. ती एवढी उंच मुलगी, आणि हात वर. फटफट्या तिला वळसा घालत होत्या. पण तिच्या एकटीला नव्हत्या घालत. वळसा मोठा होता. दोघींना पुरेल एवढा.

आणि चालवणाऱ्यांतला एकही तिच्याकडं बघत नव्हता.

“लुआ,” गुरुजींनी हाक मारली. तिनं ऐकलं नाही. ते धावायला निघाले. मी त्यांना पिशवीच्या पट्ट्यानं धरलं. दोन पट्टे होते म्हणून बरं. म्हटलं, पळालात तर इथं तुम्ही मरता आणि ती तिकडं जाते. ओरडा. सांगा, ती पहिली नाही. सांगा, तिच्याआधी एक होती.

माणसानं तोंड उघडलं. मी त्याच्या ओठांकडं बघतोय. आणि हा जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस, त्याच्या घशातून दुसरं काही येईचना. म्हणाला, “पण ती... ती एकुलती...”

तेवढं तो बोलला आणि ती आणखी पुढं गेली. धुरात तिची पाठ पुसट व्हायला लागली. त्यानं परत तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, गुरुजी, खोटं बोलणं हे माझं काम आहे, तुम्ही राहू द्या.

आणि रिक्षासाठी गिऱ्हाईक बोलवायचो त्या आवाजात ओरडलो,

“अगं ए बाई! ती दुसरी आहे! सोड तिला! पहिली माझ्याकडं आहे... तिकडं कोपऱ्यावर, साऊच्या टपरीवर बसलीय. ये आणि घेऊन जा!”

आता टपरीचं कशाला बोललो? अहो, थाप मारायची तर पत्ता द्यावा लागतो. पत्त्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही. ही कला आहे.

लुआ थांबली. वर धरलेला हात एकदम खाली पडला, जसं कुणी टाकून दिलं. आणि सगळे हॉर्न एकाच वेळी कानात शिरले. तिच्या अंगावर एक टेम्पो येत होता, तो कसाबसा वळला आणि ड्रायव्हरनं तिला चार शिव्या दिल्या. एवढ्या गोड शिव्या मी कधी ऐकल्या नाहीत. त्याला ती दिसत होती.

गुरुजींना एका हातानं धरलं आणि गेलो तिच्यापर्यंत. पळालो नाही. सगळं अंग पळ म्हणत होतं, पण त्याच चालीनं, सावकाश, गाड्यांना आपला अंदाज येईल असं. तिला घेतलं, तिघं इकडं आलो. हवालदारानं आम्हाला पाहून कपाळावर हात मारला.

ह्याच लाल स्टुलावर तिला बसवलं. साऊबाईनं गरम पाणी दिलं. पोर थरथरत नव्हती, रडत नव्हती. तळहात उघडा धरून त्याच्याकडं बघत होती. म्हणाली, आजी विचारत होत्या साखर आणलीस का. मी म्हटलं, विसरले. तर म्हणाल्या, असू दे, घरी चल. एवढंच. मग आपल्या बापाला म्हणाली की त्यांचा हात खूप गरम होता, बाबा, आई गेल्यापासून कुणी माझा हात तसा धरला नव्हता. गुरुजी ते ऐकून उठले आणि तिकडं तोंड करून उभे राहिले, मुलांना फळ्याकडं तोंड करून उभं करतात तसे. पिशवी छातीवर होतीच. पिशवीतलं काही गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती. जायच्या आधी गुरुजी एकटे आले. माझ्यासमोर उभे राहिले, बूट काढले, हातात घेतले आणि मला वाकून नमस्कार केला. कोपऱ्यावर कुणी हसलं नाही. मला मात्र कुठं बघावं कळेना. मग त्यांनी हळू विचारलं की ती पहिली, जी तुमच्याकडं आहे म्हणालात, ती खरंच कुणी आहे का. मी म्हटलं, गुरुजी, मी लग्नच केलं नाही. माझ्याशी कोण करणार? तर ते म्हणाले, मग तुम्ही दिलंत ते काय? मी म्हटलं, पत्ता. ते हसले नाहीत. शिक्षक लोकांना विनोद उशिरा कळतो. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी एकदा मागं बघितलं, माझ्याकडं नाही, ह्या टपरीकडं, आणि भराभरा गेले. लंगडतसुद्धा नव्हते.

तर सांगायचं म्हणजे, तेव्हापासून त्या झाडापाशी कुणी कितवा म्हणून विचारत नाही. भाजीवाल्यांना विचारा, हवालदाराला विचारा. संध्याकाळी ये-जा करणारा एकेक जण सांगतोय, काही ऐकू येत नाही, वास येत नाही, वाटीतली उदबत्तीसुद्धा सरळ जळते. एवढ्या वर्षांचं दुखणं एका थापेनं गेलं. नगरपालिकेला जमलं नाही ते ह्या म्हाताऱ्यानं केलं. तुम्ही आता खुशाल जा, बूट पायातच ठेवा, आणि कुणी विचारलंच तर पहिलाच म्हणून सांगा, काही होत नाही.

झाली की कॉफी गळून. घ्या. बर्फ ढवळा.

काय म्हणता, वास? आल्याचा? येतो ना, मलाही येतो. हे चार-आठ दिवस संध्याकाळी ह्या बाजूला येतोच. कुणीतरी पानावर गोळे मांडत असेल. महिनाच तसा आहे.

तुमच्या पिशवीला खाली जागा नाही, ओलं आहे. थांबा. साऊबाई, ए साऊबाई. आता किती दिवस रुसणार? ह्या पाहुण्यांची पिशवी ठेवायला ते निळं स्टूल दे की जरा. रिकामं तर पडलंय.

साऊबाईनं पेला पुसायचं थांबवलं नाही. मान वर केली नाही. दिव्याच्या पलीकडून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याशी बोलली.

“रिकामं कुठंय, ताम्या? तूच बोलावलंस ना तिला... त्या दिवसापासून बसून आहे बिचारी. रोज मला विचारते, माझ्या थोरलीला घेऊन तो कधी येणार. आता तूच सांग तिला काय ते.”